कुमुदताई आणि पन्नीचा खाणारा

लोक गावाहून येताना पेढे आणतात, फार तर साडी आणतात. कुमुदताईंसाठी माती आणावी लागे.

मी पहिल्यांदा त्यांच्या तावडीत सापडले तेव्हा भाच्याच्या मुंजीसाठी नाशिकला निघाले होते. स्टाफरूममध्ये डबा उघडता उघडता त्या म्हणाल्या, "वंदना, नाशिकला चालली आहेस ना? मग माझं एक काम करून दे. गावाबाहेर जिथे कचरा टाकतात ना, तिथली माती आणून दे. वरची नको हं. जरा उकरून, खालची. चमचाभर पुरे."

मला वाटलं थट्टा करताहेत. त्यांनी पर्समधून स्टीलचा चमचा आणि उकळून घेतलेली औषधाची बाटली काढून माझ्यापुढे ठेवली, तेव्हा कळलं की थट्टा नाही. मुंज झाल्यावर भावाच्या स्कूटरवर मागे बसून मी नाशिकचा कचरा बघून आले. त्या गावी जाऊन रामाचं दर्शन न घेता कचऱ्याचं घेणारी मी एकटीच असेन. घरी परत आल्यावर सासूबाईंनी ती बाटली अंगाऱ्याची समजून देवापाशी ठेवली आणि माझ्या लक्षात येईपर्यंत एकदोनदा कपाळालाही लावून घेतली. हे सांगितलं तेव्हा कुमुदताई इतक्या हसल्या की डोळ्यांना पदर लावावा लागला. मग एकदम गंभीर होऊन म्हणाल्या, "सासूबाई ठीक आहेत ना? आणि माती उरली आहे ना थोडी?"

डॉ. कुमुद सुर्वे ग्वाल्हेरला आमच्या मुलींच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायच्या. मी त्याच कॉलेजात हिंदी शिकवते. दोघी दर्पण कॉलनीत एक गल्ली सोडून राहायचो आणि एकाच टेम्पोने, म्हणजे इकडच्या शेअर रिक्षाने, कॉलेजला जायचो. माझा विषय आणि त्यांचा विषय यांचा काडीचा संबंध नव्हता, त्यामुळे आमची मैत्री टिकली असावी. त्यांचे पूर्वज शिंद्यांच्या फौजेबरोबर दक्षिणेतून इकडे आले होते. "आमच्या घराण्यातले सगळे लढाईला जायचे," त्या म्हणायच्या, "मीच एक निघाले कचरा उकरणारी. पण बघ, दोन्हीकडे पायात बूट चांगले पाहिजेत." आणि खरंच, कडक इस्त्रीच्या सुती साडीखाली त्या कॅनव्हासचे बूट घालायच्या. गावाबाहेरच्या कचऱ्याच्या ढिगावर त्या साडी जराशी खोचून अशा चढायच्या की जशी काही गडावर निघाल्या आहेत.

शोध एकाच गोष्टीचा होता. प्लास्टिक खाणारे जंतू.

जंतू हा शब्द मात्र त्यांच्यासमोर तोंड वाकडं करून उच्चारायची सोय नव्हती. टीव्हीवर साबणाची जाहिरात लागली की त्या रिमोट शोधायच्या. "सगळे जंतू मारतात म्हणे! मग ह्यांचं जेवण कोण पचवणार, साबण?" त्यांच्या घरचं दही आख्ख्या गल्लीत प्रसिद्ध होतं. विरजण मागायला आलेल्या सुनांना त्या वाटीबरोबर उपदेशही द्यायच्या. दूध कडक गरम असताना घालू नका, भाजतात बिचारे. फार थंडही नको, झोपून जातात. लावल्यावर हलवून हलवून बघू नका, कोणाला आवडतं सारखं कोणी उठवलेलं? मधुकरराव, म्हणजे त्यांचे यजमान, रेल्वेतून निवृत्त झालेले. ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "आमच्या फ्रिजमध्ये डावीकडे श्रीखंड आणि उजवीकडे कचरा. पाहुण्यांनी विचारून हात घालावा."

त्यांची अजून एक खोड सांगायची तर बांगड्यांची. प्रयोगशाळेत शिरताना त्या हातातल्या काचेच्या बांगड्या काढून ठेवायच्या आणि विसरून जायच्या. कॉलेजात कुठल्याही नळावर, खिडकीच्या कठड्यावर, एकदा तर प्राचार्यांच्या टेबलावर हिरव्या बांगड्या सापडल्या. सापडल्या की शिपाई न विचारता त्यांच्याकडे आणून द्यायचा. प्राचार्यांनी मात्र बराच काळ त्या कोणाच्या ते विचारायचं धाडस केलं नव्हतं.

त्यांचं म्हणणं असं होतं की जगात प्रत्येकाचा खाणारा आहे. "सापडला नाही म्हणजे नाहीच असं थोडीच असतं," त्या म्हणायच्या. "आपल्याला त्याचा पत्ता ठाऊक नाही, इतकंच."

हे प्रकरण काय आहे ते मला त्यांनी एका सकाळी टेम्पोत समजावून सांगितलं होतं. पुढे ट्रॅफिक तुंबलेला, शेजारच्या नालीत पन्न्यांचा बोळा अडकून काळं पाणी रस्त्यावर आलेलं. आमच्या ग्वाल्हेरीत प्लास्टिकच्या पिशवीला मराठी माणूसही पन्नीच म्हणतो.

"असं म्हणतात," त्या म्हणाल्या, "की फार फार जुन्या काळी लाकडाला पण नीट खाणारा कोणी नव्हता. झाडं पडायची आणि पडून राहायची. मग बुरशी शिकली हळूहळू. आता बघ, लाकूड राहतं का कुठे? प्लास्टिक म्हणजे काय, लांबच लांब साखळी. जंतूंच्या तोंडात मावत नाही. तोंडच नाही त्यांना. मग ते काय करतात, आधी त्याच्या अंगावर चिकटून वस्ती करतात. आणि आपला पाचक रस बाहेर सोडतात. आपण गिळून पचवतो, ते पचवून गिळतात. साखळीचे बारके तुकडे झाले की आत ओढून घेतात. शेवटी राहतं काय? पाणी, आणि आपण श्वासातून सोडतो तो वायू."

"मग अडलं कुठे?" मी विचारलं.

"अडलं इथे, की ह्या पन्नीची साखळी फार गुळगुळीत. धरायला जागाच नाही. उन्हाने तडकली तर कुठे बोट शिरतं त्यांचं. दात नसलेल्या म्हातारीला भाकरी द्यायची तर कुस्करून द्यावी लागते ना, तसं. ऊन कुस्करून देतं. पण तरी फार सावकाश खातात गं. फारच सावकाश."

मागच्या सीटवरचा एक माणूस कान देऊन ऐकत होता. उतरताना त्याने हातातली गुटख्याची रिकामी पुडी रस्त्यावर न टाकता खिशात घातली. कुमुदताईंच्या आयुष्यातला तो सगळ्यात लवकर मिळालेला निष्कर्ष असावा.

आता ज्या गोष्टीसाठी शहराच्या लष्कर नावाच्या भागातले लोक त्यांना अजून ओळखतात, ती सांगते.

त्यांच्याकडे पूजा कुशवाह नावाची मुलगी पीएच.डी. करत होती. शहरालगतच्या मुरारची, हुशार, आणि घरून लग्नाची घाई चाललेली. तिने बाजारातल्या पन्नीच्या पट्ट्या कापून कचऱ्यातल्या मातीच्या बरण्यांत ठेवल्या होत्या. बरेच महिने काही झालं नाही. मग एका बरणीतली पट्टी काढून, धुऊन, वाळवून वजन केलं तर ते चांगलंच कमी भरलं. दुसऱ्यांदा केलं, तरी कमी. पट्टीला बारीक बारीक भोकंही पडलेली. पूजा नाचायची तेवढी बाकी राहिली होती. कुमुदताईंनी पाठ थोपटली, पण "अजून कोणाला सांगू नकोस" असंही सांगितलं.

प्रयोगशाळेतली गोष्ट गुप्त राहायला आमचं कॉलेज म्हणजे काही किल्ला नव्हे. कोणाचा तरी मेहुणा स्थानिक वर्तमानपत्रात होता. रविवारी फोटोसकट बातमी आली, 'पन्नी खाने वाला कीड़ा मिला, ग्वालियर की मैडम का कमाल'.

त्यानंतरचे दिवस मजेचे होते, निदान आम्हाला. टेम्पोवाल्याने भाडं घ्यायला नकार दिला. नया बाजारात भाजीवाल्या बायका बोट दाखवून एकमेकींना सांगू लागल्या. आणि दर्पण कॉलनीतल्या लोकांनी आपापल्या घरच्या पन्न्या त्यांच्या फाटकाशी आणून ठेवायला सुरुवात केली. सकाळी दूध घ्यायला मधुकरराव बाहेर आले तर फाटक उघडेना. पलीकडून कोणीतरी आदराने म्हणालं, "अंकल, ये आपके कीड़े के लिए।"

मराठी मंडळानेही सत्कार ठरवला. आमचे अध्यक्ष बापूसाहेब हौशी माणूस. शाल, श्रीफळ, मानपत्र, आणि नंतर साबुदाण्याची खिचडी. प्राचार्य प्रमुख पाहुणे.

कुमुदताई मात्र त्या दिवसांत गप्प गप्प असायच्या. टेम्पोत एकदा मी विचारलं, "बरं नाही का तुम्हाला?"

"बरं आहे गं. पण इतक्या घाईघाईने खाल्लं कसं त्यांनी? मी इतकी वर्षं बघून राहिले आहे, पॉलिथिनला इतक्या लवकर कोणी हात घालत नाही. मला वाटतं ताटात दुसरं काहीतरी वाढलेलं आहे."

सत्काराच्या आदल्या दुपारी मी त्यांच्याकडे गेले, उद्या कुठली साडी नेसणार ते विचारायला. स्वयंपाकघरात त्या बटाटे चिरत होत्या. ओट्यावर आयोडीनची छोटी बाटली, एक कोरी पन्नी, त्याच गठ्ठ्यातली, आणि बरणीतून काढलेली पट्टी. मला म्हणाल्या, "बस तिथे. बघ." बटाट्याच्या चकतीवर त्यांनी आयोडीनचा थेंब टाकला. चकती निळी-काळी पडली. शाळेत आपण सगळ्यांनी केलेला प्रयोग, पिष्ट ओळखायचा. मग त्यांनी तसाच थेंब कोऱ्या पन्नीवर टाकला.

पन्नीवर निळे-काळे ठिपके उमटले.

मग बरणीतल्या पट्टीवर टाकला. काही झालं नाही. तपकिरी थेंब तपकिरीच राहिला.

मला समजायला वेळ लागला. त्यांना नाही. स्टूल ओढून त्या बसल्या. मधुकरराव दारात उभे होते.

"पिशवीत स्टार्च आहे," त्या म्हणाल्या. "पिठाचे कण मिसळले आहेत बनवताना. आपोआप विरघळणारी म्हणून विकतात ना, ती. माझ्या लोकांनी पीठ वेचून वेचून खाल्लं, अहो. वजन त्याचं कमी झालं. प्लास्टिक जसंच्या तसं. जसंच्या तसं पण नाही, त्याचा आता भुगा झाला. पिशवी निदान हाताने उचलता येते. हा भुगा कोण उचलणार?"

"मग उद्याचं रद्द करायला सांगू का बापूसाहेबांना?" मधुकररावांनी विचारलं.

"नाही. खोटी बातमी लोकांनी माझ्या नावाने ऐकली. खरी माझ्या तोंडून ऐकू दे."

आधी त्यांनी पूजाला बोलावून घेतलं. ती आली, पट्टी बघितली, कोरी पन्नी बघितली आणि रडायला लागली. पन्नी तिनेच विकत आणली होती. कुमुदताई तिला हिंदीत म्हणाल्या, "रो ले बेटा। फिर चाय पी ले। पन्नी तूने ख़रीदी थी, पर जाँचनी मुझे थी। आयोडीन की बोतल मेरे घर में बीस बरस से पड़ी है।"

संध्याकाळी प्राचार्यांचा फोन आला. पूजानेच घाबरून त्यांना सांगितलं असावं. फोनवरचा आवाज मला बसल्या जागी ऐकू येत होता. "मैडम, कल कुछ मत बोलिए। कॉलेज का नाम हुआ है। दो-चार महीने में लोग अपने आप भूल जाएँगे।"

"लोग तो भूल जाएँगे सर," कुमुदताई शांतपणे म्हणाल्या, "पन्नी तो वहीं पड़ी रहेगी।"

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलं होतं. थंडीचे दिवस, ग्वाल्हेरची थंडी, दारं लावूनही पाय गारठत होते. ईशस्तवन झालं, प्रास्ताविक झालं, बापूसाहेबांनी 'जगाच्या इतिहासात' असे शब्द वापरून झाले. शाल घातली, नारळ दिला, मानपत्र वाचलं. प्राचार्य खुर्चीच्या कडेवर बसले होते. पूजा शेवटच्या रांगेत, वडिलांबरोबर. मी मधुकररावांच्या शेजारी बसले होते. त्यांनी मफलर काढून मांडीवर ठेवला होता आणि ते त्याच्या घड्या घालत होते, मोडत होते.

कुमुदताई उठल्या. नेहमी वर्गात बोलायच्या तशाच बोलल्या.

"तुम्ही सगळ्यांनी इतक्या प्रेमाने बोलावलं, मला फार बरं वाटलं. पण ज्याच्यासाठी बोलावलं ते खरं नाही निघालं. माझ्या जंतूंनी प्लास्टिक नाही खाल्लं. पिशवीत पीठ होतं, ते खाल्लं. मला काल कळलं. आधी कळायला पाहिजे होतं, ती चूक माझी आहे. माझ्या विद्यार्थिनीची नाही. आणि कॉलेजची पण नाही."

मग त्यांनी बटाट्याचं, आयोडीनचं सगळं सांगितलं.  त्या थांबल्या, तेव्हा बापूसाहेब शेजारच्याकडे वळून कुजबुजले. माईक त्यांच्या हाताशीच होता, आणि चालू होता. त्यामुळे ती कुजबुज शेवटच्या रांगेपर्यंत गेली.

"मग आता हा सत्कार कशाचा समजायचा?"

"थंडीचा समजा, बापूसाहेब," कुमुदताई म्हणाल्या. "शाल मी ठेवून घेते. मान तुम्ही परत घ्या."

आधी एक जण हसला, मग दोघं, आणि मग सगळं सभागृह. आणि त्या हसण्यातच मागून एक बाई उठून उभ्या राहिल्या. दर्पण कॉलनीतल्याच. त्या खरोखर काळजीत होत्या. "अहो कुमुदताई, मग आमच्या पन्न्यांचं काय? मी तर सगळ्या धुऊन, वाळवून ठेवल्या आहेत तुमच्यासाठी!"

"धुतल्या?" कुमुदताईंचा चेहरा एकदम उजळला. "वाळवल्या पण? मग अर्धं काम झालं! खाणारा मिळाला नाही, पण धुतलेली पन्नी भंगारवाला नेतो. घाण असली म्हणून नेत नाही तो."

मान परत केलेल्या बाईंनी मग तिथेच, शाल पांघरून, खिचडी खाता खाता, आमच्या कॉलनीतल्या बायकांना कामाला लावलं. ह्या बायकांच्या गच्च्यांवर अजूनही दोरीला धुतलेल्या पन्न्या वाळत असतात. लांबून बघणाऱ्याला वाटतं कोणाच्या तरी घरी पताका लावल्या आहेत.

पण सगळंच असं खेळीमेळीने मिटलं असं नाही. वर्तमानपत्राने चूक छापली नाही. कॉलेजात काही दिवस 'मैडम का कीड़ा मर गया' असा विनोद चालला. प्राचार्य त्यांच्याशी कामापुरतं बोलू लागले. ह्याचं त्यांना वाईट वाटलं असेल, पण त्यांनी ते दाखवलं नाही. त्यांना लागलं ते एकच. सभागृहातून पूजाचे वडील खिचडी न खाता मुलीला घेऊन निघून गेले होते, आणि नंतर पूजा प्रयोगशाळेत यायची बंद झाली.

कुमुदताईंनी आठवडाभर वाट बघितली. मग मला आणि मधुकररावांना घेऊन त्या मुरारला पूजाच्या घरी गेल्या. वडील निवृत्त फौजी. आम्हाला खाटेवर बसवून स्वतः उभे राहिले. बोलले मात्र स्पष्ट.

"मैडम, आपकी इज़्ज़त करते हैं। पर लड़की के इतने बरस चले गए। लड़के वाले बैठे हैं। अब कहते हैं फिर से शुरू करो।"

"कुशवाहजी, फिर से नहीं," कुमुदताई म्हणाल्या. "ये जो पन्नी है ना, बाज़ार में सबको झूठ बोलकर बिकती है कि गल जाएगी। गलती नहीं, चूरा हो जाती है, और चूरा मिट्टी में, पानी में, गाय के पेट में जाता है। ये बात आपकी बेटी ने अपने हाथ से साबित की है। उसको बस पता नहीं है कि साबित की है। थोड़ा समय और दीजिए।"

"फिर कीड़ा मिल जाएगा?"

"इसकी गारंटी मैं नहीं दे सकती। जो मिलेगा सच्चा मिलेगा, इसकी दे सकती हूँ।"

 आतून पूजाची आई चहा घेऊन आली. ती तोपर्यंत एक शब्द बोलली नव्हती. कप पुढे करत नवऱ्याला म्हणाली, "फौज में गलत ख़बर देने वाले को सज़ा होती थी कि सही करने वाले को?"

त्या माउलीने आमचं सगळं बोलणं वाचवलं. मधुकररावांनी परत येताना टेम्पोत कबूल केलं, की इतकी वर्षं रेल्वेत काढून एवढं नेमकं वाक्य त्यांना एकदाही सुचलं नव्हतं.

पूजाचा प्रबंध शेवटी त्याच विषयावर झाला, विरघळणाऱ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या पिशव्यांचा भुगा कसा होतो ह्यावर. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिला पुष्कळ छेडलं आणि मग पुष्कळ वाखाणलं. लग्नही तिचं झालं, त्याच मुलाशी. तो थांबला होता. कुमुदताईंनी आहेरात काय दिलं असेल? दह्याचं विरजण, चांदीच्या वाटीत.

आणि खाणारा? तो सापडला. पण शोधत होत्या तिथे नाही.

त्या निवृत्त झाल्यावर एकदा आम्ही दोघी बाड्याच्या बाजारातून टेम्पोने घरी येत होतो. सीटचं रेक्झीन फाटलेलं, आतला फोम दिसत होता. फोम म्हणजे तोही प्लास्टिकच्याच जातीचा. कुमुदताई बसल्या आणि लगेच उठल्या. ओलं लागलं म्हणून मी रुमाल पुढे केला, तर त्या वाकून फाटक्या जागेत बोट घालून बघत होत्या. आतला फोम काळपट पडून पोकळ झाला होता. वर बुरशीची मऊ साय.

"भैया," त्यांनी टेम्पोवाल्याला विचारलं, "ये गद्दी ऐसी कब से है?"

"अरे मैडम, बारिश का पानी भर जाता है। अगले महीने बदलवा देंगे, माफ़ करना।"

"नहीं नहीं, बदलना मत! थोड़ा-सा मैं निकाल लूँ?"

त्याने आरशातून माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली, दुसरं काय करणार. पर्समधून चमचा निघाला, बाटली निघाली.

ह्या वेळी त्यांनी घाई केली नाही. घरच्या बाल्कनीत त्या बुरशीला फोमशिवाय काहीही खायला दिलं नाही. पीठ नाही, साखर नाही. पूजा तिच्या कॉलेजातून येऊन सगळं उलटसुलट तपासायची. दोघींनी नमुने दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेत, ओळखपाळख नसलेल्या माणसांकडे पाठवले. तिथूनही तेच उत्तर आलं. बुरशी फोमच खात होती. बोटाएवढा तुकडा संपवायला तिला आख्खा पावसाळा लागत होता, आणि पन्नीला तर ती तोंडही लावत नव्हती. अशा बुरश्या जगात आणखीही कोणाकोणाला सापडल्या आहेत, हेही त्यांनीच मला सांगितलं. नवीन असं फार काही नव्हतं. पण ही आपल्या टेम्पोतली होती.

मी विचारलं, "आता तरी बातमी द्यायची का?"

"कशाला? परत लोक फाटकाशी गाद्या आणून टाकतील."

त्या दिवशी त्यांनी शिरा केला होता. मधुकररावांनी बाल्कनीकडे बघून, बुरशीलाही चमचाभर द्यावा का असं विचारलं. कुमुदताई ओरडल्या, "अहो, नका! सगळं बिघडेल!" आणि मग तो विनोद होता हे लक्षात येऊन स्वतःच हसायला लागल्या.

मागच्या उन्हाळ्यात त्या गेल्या. झोपेत, त्रास न होता. मी तेव्हा मुलीच्या बाळंतपणासाठी पुण्याला होते, येऊ शकले नाही. त्यामुळे माझ्यासाठी त्यांची शेवटची भेट म्हणजे पुण्याला जायच्या आदल्या आठवड्यातला, ग्वाल्हेरजवळच्या मुरैनातला दिवस.

पूजा तिथल्या कॉलेजात शिकवू लागली होती. तिने दोघींना बोलावलं होतं, तिचा वर्ग बघायला. आम्ही शेवटच्या बाकावर बसलो. मुलींना वाटलं कोणाच्या तरी आज्या आल्या आहेत. पूजाने बुरशीबद्दल सांगितलं, साखळीबद्दल सांगितलं, फळ्यावर आकृती काढली. मग पुढच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि तिने विचारलं, "मैम, समुद्र में जो प्लास्टिक है, उसको भी ये फफूंद खा लेगी क्या?"

 वर्गात आपली गुरू बसलेली असताना शिक्षकाला असा प्रश्न यावा म्हणजे कसोटीच.

"मुझे नहीं पता," ती म्हणाली. "पढ़कर बताऊँगी। पढ़ने से भी न मिला, तो नमक का पानी लेकर हम लोग करके देखेंगे।" आणि ती पुढे शिकवू लागली, जसं काही विशेष घडलंच नाही.

मी कुमुदताईंकडे बघितलं. त्यांनी बाकावर दोन्ही हात पालथे ठेवले होते आणि त्या फळ्याकडे बघत होत्या. त्यांना इतकं निवांत बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. तास संपल्यावर त्या पूजाजवळ गेल्या. तिच्या बोटांवरचा खडू त्यांनी आपल्या पदराने पुसला.

बाहेर ऊन छान पडलं होतं. फाटकाशी पेरू घेतले, तिखट-मीठ लावून. मी मुलीच्या बाळंतविड्याच्या खरेदीची काहीतरी आठवण काढत मागे रेंगाळले, आणि तेवढ्यात ग्वाल्हेरची बस आली. चांगलीच भरलेली. कुमुदताई पेरू हातात धरून, साडी जराशी खोचून, गर्दीतून बाजूला होत होत सगळ्यांच्या आधी चढल्या. मी अजून रस्त्याच्या ह्या बाजूलाच होते, मधून ट्रॅक्टर जात होता. ट्रॅक्टर गेला तेव्हा त्या मला खिडकीत दिसल्या. शेजारच्या सीटवर हात पसरून कोणालातरी "यहाँ कोई आ रही हैं" असं सांगत होत्या, आणि दुसऱ्या हाताने मला बोलावत होत्या.

"वंदना, अगं पळ ना! मी जागा धरून ठेवली आहे!"